वाचक विचारतात : क्लेमच्या खुंट्यापासून काँग्रेसच्या बाकापर्यंत

मागच्या अंकात अलास्काचे अँथनी डायमंड यांच्यावर एक लहानसं टिपण आलं होतं. न्यूयॉर्क राज्यातला एक शाळामास्तर १९०५ साली सोनं शोधायला अलास्कात जातो आणि १९३३ ते १९४५ अशी बारा वर्षं त्या प्रदेशाचा (अलास्का तेव्हा राज्य नव्हतं) प्रतिनिधी म्हणून वॉशिंग्टनला काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, बसतो, एवढाच त्याचा सारांश. त्यावर आलेल्या प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : टिपणात डायमंड यांना ‘खाणकामगार’ म्हटलं आहे. म्हणजे ते पगारी मजूर होते का? आणि आडनावाचा हिऱ्याशी काही संबंध?

आडनावाचं आधी सांगतो. उच्चार हिऱ्यासारखाच आहे, स्पेलिंग वेगळं आहे, आणि हिऱ्याशी काडीचाही संबंध नाही.

‘खाणकामगार’ हा शब्द मात्र आमचा चुकला. अलास्कात त्या काळी दोन प्रकारची माणसं खणत होती. एक रोजंदारीवरची. जूनोसमोरच्या बेटावर ट्रेडवेलची सोन्याची खाण होती, आत डोंगरात केनेकॉटची तांब्याची. तिथे शिफ्ट, फोरमन, कंपनीची खानावळ असं सगळं होतं. दुसरे स्वतःच्या जबाबदारीवर ओढ्याओढ्याने हिंडणारे शोधकरी. डायमंड या दुसऱ्या प्रकारातले. वाल्डीझ बंदराच्या मागे कॉपर नदीचा जो मुलूख पसरला आहे, त्यात त्यांची १९०५ ते १९१२ ही वर्षं गेली.

अशा माणसाचा खर्च बहुधा दुकानदार उचलत असे. पीठ, बीन्स, बेकन, फावडं, कुऱ्हाड, तंबू असा हंगामाचा शिधा तो उधारीवर देई आणि त्या बदल्यात जे सापडेल त्यात निम्मा वाटा घेई. बोलणी दुकानाच्या फळीवर, तोंडी व्हायची. काहीच सापडलं नाही तर वाद नव्हता. सापडलं की मात्र ‘निम्मा’ म्हणजे कशातला निम्मा यावर जुंपायची : फक्त त्या हंगामातल्या क्लेममधला (क्लेम म्हणजे खणण्यासाठी हक्क सांगितलेला जमिनीचा तुकडा), की त्याच ओढ्यावर पुढच्या वर्षी घेतलेल्या क्लेममधलाही? खाणवस्तीत वकिलाला काम का मिळायचं, याचं हे एक कारण.

प्रश्न : क्लेम घेणं म्हणजे नेमकं काय करायचं? नुसते खुंटे ठोकले की जमीन आपली?

नाही. अनेकांचा घात याच समजुतीने झाला. अमेरिकेचा १८७२ चा खाण कायदा अलास्कालाही लागू होता. त्यानुसार पायऱ्या अशा :

पहिली, सोनं प्रत्यक्ष सापडायला हवं. ‘इथे असणार’ हे पुरत नाही. माती धुण्याच्या परातीत दिसलं पाहिजे.

दुसरी, हद्द. ओढ्याकाठच्या वाळू-गोट्यातल्या सोन्याच्या क्लेमला एका माणसासाठी कमाल मर्यादा २० एकर. व्यवहारात १,३२० फूट लांब आणि ६६० फूट रुंद असा आयत ओढ्याच्या अंगाने आखत. चारही कोपऱ्यांना जाड खुंटे ठोकत, खुंट्याची एक बाजू कुऱ्हाडीने तासून सपाट करत आणि तिच्यावर नाव, तारीख, क्लेमचं नाव पेन्सिलने लिहीत. शिशाची पेन्सिल पावसात टिकते, शाई टिकत नाही.

तिसरी, नोंदणी. ९० दिवसांच्या आत विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे.

चौथी, आणि हीच सगळ्यात जास्त जणांना नडली : दर वर्षी क्लेमवर किमान १०० डॉलरचं काम झालं पाहिजे. खणणं, चर काढणं, रस्ता करणं, जे काही केलं त्याचं शपथपत्र द्यायचं. काम झालं नाही की क्लेम पुन्हा सगळ्यांना मोकळा. १९२१ मध्ये कायदा बदलेपर्यंत हे कामाचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत असे. अलास्कात १ जानेवारी म्हणजे काळोख आणि हाडं फोडणारी थंडी. तरीही ३१ डिसेंबरच्या रात्री दुसऱ्याच्या क्लेमपाशी खुंटे घेऊन बारा वाजण्याची वाट बघत बसणारे लोक होते.

बिघाड कुठे होई? हिवाळ्यात खुंटे बर्फात ठोकलेले असत. वसंतात बर्फ वितळलं की ते आडवे व्हायचे, पुरात वाहूनही जायचे. ओढा वळणं घेतो आणि आयत सरळ असतो, त्यामुळे शेजारचे दोन क्लेम एकमेकांवर चढत किंवा मध्ये चिंचोळी पट्टी उरे. ती पट्टी तिसराच कोणी घेऊन बसे. सगळ्यात मोठी लबाडी मुखत्यारपत्राची. एकच माणूस गावाकडच्या दहा-वीस ओळखीच्यांची मुखत्यारपत्रं खिशात घालून यायचा आणि अख्खा ओढा अडवायचा. शिवाय आठ जणांनी मिळून १६० एकरांचा एकच क्लेम घेण्याची सोय कायद्यातच होती. त्या आठांपैकी सात नुसती कागदावरची नावं. अखेर १९१२ साली काँग्रेसने अलास्कापुरती सामुदायिक क्लेमची मर्यादा ४० एकरांवर आणली आणि मुखत्यारपत्रावर किती क्लेम घेता येतील यालाही चाप लावला.

प्रश्न : हे तंटे सोडवायचं कोण? पोलीस, कोर्ट काही होतं का?

सुरुवातीला जवळपास नाही. रशियाकडून १८६७ मध्ये विकत घेतल्यावर अलास्काला सतरा वर्षं मुलकी सरकारच नव्हतं. १८८४ मध्ये गव्हर्नर आणि एक न्यायाधीश मिळाला, विधिमंडळ नाहीच. तोवर खाणकरी सभा भरवत. ओढ्यावरचे सगळे जमायचे, अध्यक्ष निवडायचे, दोन्ही बाजू ऐकायचे आणि हात वर करून निकाल द्यायचे. ना अपील, ना तुरुंग. शिक्षा दंडाची नाहीतर हद्दपारीची. वस्ती लहान असेपर्यंत हे बरं चाले, कारण सगळे एकमेकांना ओळखत. माणसं वाढली, दारूच्या दुकानाचा मालक आपली गिऱ्हाइकं घेऊन सभेला येऊ लागला आणि निकाल विकले जाऊ लागले.

पुढे कोर्ट आलं ते आणखी वाईट निघालं. नोमजवळच्या अँव्हिल ओढ्यावर १८९८ मध्ये सोनं सापडलं. १९०० च्या जुलैत तिथे न्यायाधीश आर्थर नॉयस उतरले, आणि त्यांच्याबरोबर नॉर्थ डकोटातले राजकारणी अलेक्झांडर मॅकेन्झी. मूळ शोधकरी परदेशी जन्माचे आहेत, सबब त्यांचे क्लेम वादग्रस्त, असं म्हणत नॉयस यांनी सगळ्यांत श्रीमंत क्लेमवर रिसीव्हर नेमला. रिसीव्हर कोण, तर मॅकेन्झी. खटला चालेपर्यंत मालमत्ता जपणं हे खरं तर रिसीव्हरचं काम. इथे त्याने माणसं लावून सोनं उपसायला घेतलं. खाणकऱ्यांनी जहाजाने सॅन फ्रान्सिस्कोच्या अपील कोर्टात कागद पोचवले, तिथून हुकूम आले, ते नोममध्ये मानले गेले नाहीत. शेवटी मॅकेन्झी पकडले गेले. त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली आणि अध्यक्ष मॅकिन्ली यांनी काही महिन्यांतच माफी दिली. नॉयस यांना १,००० डॉलर दंड झाला, पद गेलं.

अलास्कातला खाणकरी राजकारणात का उतरला हे समजून घ्यायचं तर हे प्रकरण डोळ्यांसमोर ठेवा. न्यायाधीश, मार्शल, गव्हर्नर सगळे हजारो मैलांवरून नेमून येत आणि ते नेमणाऱ्यांच्या निवडणुकीत अलास्कावाल्याला मत नव्हतं. १९०६ मध्ये काँग्रेसमध्ये मताचा हक्क नसलेला एक प्रतिनिधी पाठवायची मुभा मिळाली, आणि पहिला निवडून आला तो फ्रँक वॉस्की, नोमकडचा खाणकरी. १९२१ ते १९३१ प्रतिनिधी असलेले डॅन सदरलँडही १८९८ च्या सोन्याच्या लाटेतच आलेले. डायमंड ही त्याच रांगेतली पुढची कडी.

प्रश्न : जमीन कायम गोठलेली, मग खणायचे कसे? सुरुंग लावत का?

सुरुंग गोठलेल्या खडी-मातीत फारसा चालत नाही. बर्फाने सांधलेली माती फुटण्याऐवजी धक्का गिळून टाकते. तिला वितळवावंच लागतं.

आतल्या मुलखात वर शेवाळाची जाड गादी, तिच्याखाली गोठलेला काळा गाळ, त्याखाली वाळू-गोटे आणि मग कातळ. सोनं जड (पाण्याच्या १९ पट, वाळू जेमतेम अडीच-पावणेतीन पट), म्हणून ते कातळाला लागून असलेल्या शेवटच्या काही फुटांत आणि कातळाच्या भेगांत बसतं. तिथवर पोचायला विहिरीसारखा खड्डा खणायचा, साधारण सहा फूट बाय तीन-चार फूट. आधी शेवाळ खरवडायचं, कारण ते गोधडीसारखं थंडी धरून ठेवतं. मग संध्याकाळी तळाशी वाळक्या स्प्रूसच्या फाट्यांची आग रचायची आणि वरून ओली लाकडं झाकायची, म्हणजे धग वर न पळता खाली मुरते. रात्रभर आग धुमसते. सकाळी फूटभर, फार तर दीड फूट माती सुटी झालेली असते. ती बादलीत भरायची, वरचा माणूस रहाटाने ओढून घेतो. पुन्हा आग. तीस फूट खड्ड्याला महिनाभर सहज जातो, आणि कातळावर काहीच सापडलं नाही तर दुसऱ्या जागी पहिल्या फुटापासून सुरुवात.

हे काम हिवाळ्यातच करायचं. उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं. हिवाळ्यात भिंती दगडासारख्या राहतात, आधाराचं लाकूडही लागत नाही. कातळाला पोचल्यावर आडवं भुयार काढायचं आणि सोन्याचा थर तेवढा वर आणायचा. इथे आळस केला की फटका बसतो. वरचा निरुपयोगी गाळ आणि खालची सोन्याची खडी यांचे ढीग वेगळे ठेवले नाहीत, तर वसंतात दुप्पट माल धुवावा लागतो आणि पाणी तेवढं पुरत नाही.

सगळ्यात वाईट धोका धुराचा. आग विझल्यासारखी दिसते पण तळाशी विषारी वायू साचलेला असतो. त्याला ना रंग ना वास. सकाळी घाईने उतरलेला माणूस शिडीवरून खाली कोसळतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. आधी खड्डा मोकळा श्वास घेऊ द्यायचा, हाच उपाय. पैसेवाले लोक पुढे बॉयलर लावून टोकदार लोखंडी नळ्यांतून वाफ जमिनीत सोडू लागले. धूर गेला, पण वाफेने भुयाराचं छत गरजेपेक्षा जास्त वितळून ढासळू लागलं.

वसंतात बर्फाचं पाणी सुटलं की धुलाई. लाकडी पन्हळी, प्रत्येक साधारण १२ फूट लांब, एकीत एक अडकवलेल्या, तळाला आडव्या पट्ट्या. उतार दर पन्हळीमागे सहा ते नऊ इंच. उतार कमी पडला तर पट्ट्यांमधल्या फटी वाळूने गच्च भरतात आणि सोनं वरून निसटतं. जास्त झाला तर बारीक सोनं पाण्याबरोबरच जातं. चिकणमातीचे गोळे तर चोरच. गडगडत जाताना पट्ट्यांतलं सोनं अंगाला चिकटवून घेऊन जातात, म्हणून ते पन्हळीच्या तोंडाशीच फोडायचे.

बारीक सोन्यासाठी पट्ट्यांत पारा टाकत. सोनं त्याला धरतं. मग तो गोळा मऊ कातड्यातून पिळायचा आणि उरलेला पारा लोखंडी भांड्यात तापवून उडवायचा. भांड्याची नळी थंड पाण्याकडे नेतात, तिथे पारा पुन्हा जमतो. पण नळीचं तोंड पाण्यात बुडवायचं नाही. आग मंदावली की आत पोकळी होते, नळी पाणी ओढते, ते तापलेल्या भांड्यात जाऊन वाफ होते आणि भांडं फुटतं. तोंड पाण्याच्या किंचित वर ठेवून ओलं फडकं गुंडाळायचं. आणि हे सगळं उघड्यावर, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभं राहून. पाऱ्याची वाफ फुप्फुसात गेली की माणूस कायमचा दुखणाईत.

प्रश्न : जुन्या पत्रांत ‘परातीला दहा सेंट’ असं येतं. हे चांगलं की वाईट?

उत्तम. त्या वेळी शुद्ध सोन्याचा सरकारी भाव ट्रॉय औंसाला (३१.१ ग्रॅम) २०.६७ डॉलर होता. पण ओढ्यातल्या सोन्यात चांदी मिसळलेली असते, त्यामुळे हातात साधारण १६ च्या आसपास पडत, ओढ्यागणिक कमी-जास्त. त्या हिशेबाने दहा सेंट म्हणजे सुमारे ०.१९ ग्रॅम, जुन्या मापात दीड गुंजेच्या जरा वर. एक परात म्हणजे दोन फावडी माल आणि एका घन यार्डाला दीडशेच्या आसपास पराती. म्हणजे घन यार्डाला १५ डॉलर.

फक्त परात कुठून भरली ते पाहा. कातळाच्या भेगेतून खरवडलेल्या परातीवरून अख्ख्या थराचा अंदाज बांधणारे पुष्कळ बुडाले. क्लेम विकायला काढलेला असेल तर तो आकडा निम्म्याने नव्हे, आणखी खाली वाचायचा.

प्रश्न : खाण सोडून वकिली, आणि तिथून राजकारण, हे कसं घडलं?

डायमंड यांच्या पायाला जबर दुखापत झाली आणि डोंगर चढणं संपलं. तिशीच्या माणसाने पुस्तकं हाती घेतली. कायद्याच्या कॉलेजात न जाता अभ्यास करून वकिलीची परवानगी मिळवणं तेव्हा शक्य होतं. १९१३ मध्ये त्यांनी ती मिळवली आणि वाल्डीझला बस्तान मांडलं. त्याच साली चिसानाला सोन्याची नवी लाट उठली, तिथे १९१३-१४ मध्ये ते सरकारी कमिशनर होते. कमिशनर म्हणजे खालचा दंडाधिकारी, नोंदणी अधिकारी आणि मृत्यूची चौकशी करणारा, सगळं एकाच माणसात. ज्याने स्वतः खुंटे ठोकलेत तो दुसऱ्याचे खुंटे नोंदवायला बसला. खोटा क्लेम ओळखायला यापेक्षा बरी तयारी आम्हाला तरी सुचत नाही.

मग १९२० ते २२ आणि १९२५ ते ३२ वाल्डीझचे महापौर, आणि अध्येमध्ये प्रदेशाच्या सिनेटचे सदस्य. हे विधिमंडळ १९१२ च्या कायद्याने मिळालेलं : ८ सिनेटर, १६ प्रतिनिधी, दोन वर्षांतून एकदा ६० दिवसांचं अधिवेशन. मार्च १९१३ मध्ये जूनोत पहिल्यांदा भरलं, आणि स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा कायदा त्यांनी सर्वांत आधी केला. पण मासेमारी आणि शिकारीचे कायदे बदलायचा अधिकार त्याला दिलेला नव्हता, आणि त्याने केलेला कोणताही कायदा काँग्रेस रद्द करू शकत होती.

१९३२ मध्ये डायमंड यांनी जेम्स विकरशॅम या मुरलेल्या प्रतिनिधीला हरवलं.

प्रश्न : काँग्रेसमध्ये मतच नाही, तर तिथे बसून उपयोग काय?

विधेयक मांडता येतं, समितीत बसता येतं, सभागृहात बोलता येतं. मोजणीच्या वेळी मात्र हात खाली. त्यामुळे काम दुसऱ्याच्या मताने करून घ्यावं लागतं आणि बदल्यात द्यायला आपल्याकडे काही नसतं. पाठपुरावा आणि आकडे एवढंच भांडवल. डायमंड यांची पद्धत वकिलाची होती. आवाज चढवायचा नाही, फाइल पक्की ठेवायची.

त्यांनी सॅमनचे मोठे सापळे बंद करण्यासाठी झगडा मांडला. नदीच्या तोंडाशी बसवलेले हे सापळे अलास्काबाहेरच्या डबाबंद माशांच्या कंपन्यांचे, आणि स्थानिक मच्छीमार रिकाम्या होडीने परत. कंपन्यांचं वजन भारी पडलं. दुसरा विषय संरक्षणाचा. १९३० च्या दशकभर ते सांगत राहिले की जपानकडून येणारा जवळचा रस्ता अल्यूशियन बेटांवरून आहे आणि तिथे विमानतळ नाही. १९३५ च्या कायद्याने अलास्कात हवाई तळाला तत्त्वतः मान्यता दिली, पैसे १९४० पर्यंत आले नाहीत. ३ आणि ४ जून १९४२ ला जपानी विमानांनी अल्यूशियनमधल्या डच हार्बरवर बॉम्ब टाकले आणि त्याच आठवड्यात अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली.

प्रश्न : त्यांच्या काळात खाणकऱ्यांचं भलं झालं का?

आधी झालं. १९३४ मध्ये सोन्याचा भाव औंसाला ३५ डॉलर झाला आणि सोडून दिलेले ओढे पुन्हा धुतले जाऊ लागले. याचं श्रेय रूझवेल्ट सरकारच्या चलन धोरणाला, डायमंड यांना नाही. मग ऑक्टोबर १९४२ मध्ये, सोनं युद्धाला लागत नाही म्हणून, एल-२०८ या हुकमाने देशभरच्या सोन्याच्या खाणी बंद केल्या गेल्या. युद्धानंतर मजुरी आणि यंत्रांचे भाव चढले, सोन्याचा ३५ वरच खिळलेला राहिला. बरेच क्लेम पुन्हा उघडलेच नाहीत.

प्रश्न : अलास्का राज्य झालेलं त्यांनी पाहिलं का?

नाही. १९४३ मध्ये त्यांनी राज्याच्या दर्जाचं विधेयक मांडलं, ते अडकलं. १९४४ ला ते उभे राहिले नाहीत. जानेवारी १९४५ पासून ते अलास्काच्या तिसऱ्या विभागाचे न्यायाधीश झाले आणि त्याच पदावर असताना २८ मे १९५३ ला अँकरेजला वारले.

काँग्रेसमध्ये त्यांच्या जागी निवडून आले बॉब बार्टलेट. हे आधी डायमंड यांचे वॉशिंग्टनमधले सचिव होते, आणि १९३६ ते ३९ ही वर्षं त्यांनीही सोनं धुण्यातच काढलेली. चौदा वर्षं तेही मताविना प्रतिनिधी राहिले. ३ जानेवारी १९५९ ला अलास्का राज्य झालं, बार्टलेट सिनेटर झाले आणि मोजणीत त्यांचं मत धरलं जाऊ लागलं.